डाउनलोड केलेले ब्रश पॅक आणि कागदाचं टेक्सचर : स्क्रीनवर सुंदर, छापल्यावर मळकट. काय चुकतंय?

फोंड्याचीशाई | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ कमी आहे म्हणून सगळं एकदमच सांगते. आमच्या वाड्यावरच्या मंडळाच्या चतुर्थीच्या स्मरणिकेचं कव्हर मी करतेय, क्रितामधे (चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर), ए४ साईझ, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. चित्र माटोळीचं आहे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगून बांधतात त्या मांडवाचं, खाली पाटावर बसून वर मान करून बघितल्यावर दिसते तशी, नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरिंगां (लिंबाच्या जातीची मोठी पिवळी फळं), कवंडळां, केळ्यांचा घड, मधून मधून आंब्याच्या डहाळ्या. लहानपणापासून दरवर्षी बाबांना ती बांधताना बघत आलेय त्यामुळे खूप जीव लावून काढलंय.

वॉटरकलरसारखं दिसावं म्हणून नेटवरून वॉटरकलरचे ब्रश पॅक उतरवले, एक झाला, दुसरा झाला, असं करत अकरा झिप झाल्या आणि आता माझ्याकडे सहाशेच्या वर ब्रश आहेत. कागदाच्या टेक्सचरचा पण एक पॅक घेतला, त्यातला एक आवडला तो सगळ्यात वरच्या लेयरवर टाकून मल्टिप्लाय (खालच्या रंगात मिसळून गडद करणारा मोड) केला. स्क्रीनवर इतकं छान दिसत होतं की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. काल प्रेसमधून प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आलं आणि मी बघतच राहिले. मागची क्रीम जागा मळकट, तोरिंगांचा पिवळा रंग चिखलात बुडवून काढल्यासारखा, आणि कागदाचा खरखरीतपणा म्हणून जे टाकलं होतं ते अख्ख्या पानावर फोडांसारखं उठलंय. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले पानाला बुरशी आल्यासारखी वाटते. पावसाळ्यात आपल्याकडे कागदाला खरंच बुरशी येते त्यामुळे ते वाक्य फारच लागलं.

छपाईला सोमवारी जायचंय. टेक्सचर काढूनच टाकू का? पण काढलं की चित्र प्लास्टिकसारखं गुळगुळीत दिसतं. आणि अजून एक, फोटोशॉपचे म्हणून जे ब्रश मिळाले ते क्रितामधे आणले तर नमुन्याच्या चित्रात दिसतात तसे उमटतच नाहीत, नुसते शिक्के पडतात. कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

प्रेसवाला_मडगाव | मंगळवार, रात्री ११:४२

बाय, घाबरू नको, प्रूफ आलं म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही, प्रूफ त्यासाठीच असतं. मला चार गोष्टी सांग. टेक्सचरची मूळ फाईल किती पिक्सेलची होती. मल्टिप्लाय किती टक्के ठेवलंस. कव्हरचा कागद कुठला. प्रेसला फाईल कशी दिलीस. आणि एक काम कर, टेक्सचरची मूळ फाईल उघडून १०० टक्क्यांवर झूम कर आणि एक दाणा, म्हणजे एक उंचवटा, किती पिक्सेल रुंद आहे तो मोज.

फोंड्याचीशाई | बुधवार, सकाळी ७:०५

काका, टेक्सचर १२०० पिक्सेल रुंदीचं जेपीजी होतं, ते ताणून पूर्ण पानाला बसवलं. मल्टिप्लाय ६० टक्के. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, ऑफसेट. फाईल आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) पीएनजी दिली, मंडळाचं नाव वगैरे सगळं त्याच चित्रात. दाणा मोजला, २८ ते ३० पिक्सेल भरतो.

प्रेसवाला_मडगाव | बुधवार, सकाळी ८:२०

मग तुझं उत्तर त्या ३० पिक्सेलमधेच आहे बघ. १२०० चं चित्र २४८० ला ताणलंस म्हणजे दुप्पट झालं, ३० चा दाणा ६० चा झाला. ३०० डीपीआयला एक मिलीमीटरमधे साधारण १२ पिक्सेल मावतात. ६० भागिले १२ म्हणजे पाच मिलीमीटर. उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा. आता तूच सांग, असला दाण्याचा कागद कुठल्या दुकानात मिळतो? चांगल्या कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत वॉटरकलर, कागदाचा उंचवटा एक-दीड मिलीमीटर, म्हणजे तुझ्या फाईलमधे १२ ते १८ पिक्सेल दिसायला हवा. स्क्रीनवर तू अख्खं पान लॅपटॉपमधे बसवून बघत होतीस, त्यात सगळं बारीक होतं म्हणून मोठा दाणा डोळ्याला बरोबर वाटला. छपाईचं काम करताना अधूनमधून खऱ्या मापात बघायची सवय लाव, स्क्रीनवर पट्टी धरून झूम जुळव, मग कळतं.

मळकटपणाचं कारण वेगळं. मल्टिप्लाय कधीच उजळ करत नाही, एकतर आहे तसं ठेवतो नाहीतर गडद करतो. फक्त शुद्ध पांढरा, म्हणजे २५५, असेल तिथे तो काही करत नाही. पण टेक्सचरच्या फोटोतला कागद शुद्ध पांढरा कधीच नसतो, तो २२५ च्या आसपासचा करडा-पिवळट असतो. म्हणजे पूर्ण लावलास तर बारा टक्के आणि ६० टक्क्यांवर सात टक्के काळोख सगळ्या पानावर पसरला, जिथे दाणा नाही तिथे सुद्धा. आणि तो काळोख सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, जाताना थोडा निळा थोडा काळा ठिपका होऊन जातो. पिवळ्या रंगाइतका नाजूक रंग दुसरा नाही, त्यात चिमूटभर निळा-काळा पडला की मेला तो. तुझी तोरिंगां त्यानेच गेली.

उपाय सांगतो. टेक्सचर आधी पूर्ण ग्रे कर, रंग काढून टाक. मग लेव्हल्स लावून त्याची सरासरी मधल्या ग्रेवर आण, म्हणजे ५० टक्के, आणि मल्टिप्लायच्या जागी सॉफ्ट लाईट लाव. सॉफ्ट लाईटमधे मधला ग्रे काहीच करत नाही, त्याहून उजळ असेल तिथे उजळतो, गडद असेल तिथे गडदतो, त्यामुळे दाणा दिसतो पण चित्राचा एकूण उजेड हलत नाही. मंडळाचं नाव आणि सगळी अक्षरं टेक्सचरच्या वर वेगळ्या लेयरला घे, अक्षरावर दाणा कधी चढवू नये, बारीक टाईप फाटतो. आणि प्रेसला द्यायच्या आधी फाईलची कॉपी करून सगळे लेयर एकत्र कर, मग सीएमवायकेत बदल, कारण हे मल्टिप्लाय, सॉफ्ट लाईटचे हिशेब आरजीबीत एक येतात आणि सीएमवायकेत वेगळेच. कुठलं रंगाचं प्रोफाईल हवं ते प्रेसला फोन करून विचार, विचारलेलं त्यांना आवडतं. मी ३१ वर्षं ते फोन घेतलेत.

डिचोलीकर | बुधवार, सकाळी ९:१५

मला पण हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. ६० भागिले १२. वहीत लिहून ठेवलं.

कोरडाब्रश | बुधवार, दुपारी १:३०

काकांचं सगळं बरोबर आहे पण मी एक पायरी मागे जाऊन बोलतो, कारण ताईंचा खरा प्रॉब्लेम मला दुसरीकडे दिसतोय. अख्ख्या पानावर वरून टेक्सचर पसरायचंच कशाला?

खरा कागद घ्या, त्यावर वॉटरकलर लावा. रंग पाण्याबरोबर वाहत जाऊन कागदाच्या खोलगट जागेत बसतो आणि वाळला की तिथे गडद ठिपके दिसतात, अल्ट्रामरीनसारख्या दाणेदार बसणाऱ्या रंगात तर हे साध्या डोळ्यांना दिसतं. उलट कोरड्या ब्रशने नुसता हात फिरवला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खोलगट जागा पांढऱ्या राहतात. पेन्सिलचं पण तेच, हलक्या हाताने दाणा दिसतो, दाबलं की भरून जातो. आणि जिथे रंगच लावला नाही तिथे कोरा कागद, लांबून बघितला तर दाणा जवळपास दिसत पण नाही. म्हणजे दाणा दिसतो तो रंग आणि कागद एकमेकांना भेटतात त्या जागी. वरून टाकलेलं टेक्सचर हा फरकच मारून टाकतं, कोऱ्या जागेवर, पातळ रंगावर, घट्ट रंगावर सगळीकडे एकाच जोराने उठतं, म्हणून डोळ्याला लगेच खोटं वाटतं, का ते सांगता येत नाही पण वाटतं.

त्यामुळे टेक्सचर ब्रशच्या आत घाला. क्रितामधे एफ५ दाबून ब्रश एडिटर उघडा, त्यात टेक्सचर म्हणून ऑप्शन आहे, पॅटर्न निवडा, स्केल काकांनी सांगितल्याप्रमाणे जुळवा. मोड सबट्रॅक्ट ठेवा आणि स्ट्रेंग्थ प्रेशरला (पेनाच्या दाबाला) जोडा, कर्व्ह असा की हलक्या हाताला दाणा जास्त आणि दाबल्यावर कमी. हीच फाईल कोरड्या ब्रशसाठी सरळ आणि ओल्या ब्रशसाठी उलटी करून वापरा, कारण एकात रंग उंचवट्यावर बसतो आणि दुसऱ्यात खोलगटात. सगळ्या ब्रशना एकच पॅटर्न आणि एकच स्केल हवं हे मात्र विसरू नका, नाहीतर एका पानावर तीन वेगळे कागद दिसतात. डाउनलोड केलेल्या पॅकमधे नेमकं हेच होतं, प्रत्येक पॅकवाल्याने आपापला कागद आत घातलेला असतो, पेन्सिल एका पॅकची, वॉश (पातळ रंगाचा थर) दुसऱ्या पॅकचा, आणि दाणे जुळत नाहीत.

आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्यांसाठी, तिथे याला ग्रेन म्हणतात, त्यात मूव्हिंग आणि टेक्सचराईज्ड असे दोन प्रकार आहेत. मूव्हिंगमधे दाणा ब्रशबरोबर ओढला जातो, टेक्सचराईज्डमधे तो कॅनव्हासला चिकटून राहतो, कागदासारखा. कागद हवा असेल तर दुसरा.

पर्वरीला झेवियर सेंटरमधे गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेकांच्या चित्रांचा संग्रह आहे, जमलं तर एकदा जवळून बघून या. वॉश कुठे पातळ आहे, कुठे कागद श्वास घेतोय, हे स्क्रीनवर शिकता येत नाही. मी तिथे तास दीड तास नुसता एका चित्राच्या कोपऱ्यासमोर उभा होतो आणि घरी येऊन माझे सगळे ब्रश परत सेट केले.

फोंड्याचीशाई | बुधवार, दुपारी ३:०२

हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण आता सोमवारपर्यंत सगळं चित्र परत काढणं शक्य नाही, नारळ आणि तोरिंगां तेवढी नवीन ब्रशने काढते, बाकीवर काकांचा सॉफ्ट लाईट.

फोटोशॉपच्या ब्रशचं कोणीतरी सांगा ना.

डिचोलीकर | बुधवार, दुपारी ३:४०

ते मी सांगू शकतो, कारण त्यात माझे पंधरा दिवस गेलेत. एबीआर (फोटोशॉपची ब्रशची) फाईल क्रिता उघडतो पण त्यातून फक्त ब्रशचा शिक्का उचलतो, टिप म्हणतात तो. प्रेशरला साईझ कशी बदलते, स्कॅटर किती, आत कुठलं टेक्सचर, ड्युअल ब्रश, हे जे सगळं फोटोशॉपवाल्याने बसवलेलं असतं ते मागेच राहतं. म्हणून नुसते शिक्के पडतात. ते तुम्हालाच परत बसवायचं, स्पेसिंग (दोन शिक्क्यांमधलं अंतर) कमी करा, रोटेशनला थोडं फझी (आपोआप कमीजास्त होणारं) लावा, टेक्सचर कोरडाब्रशदादांनी सांगितलं तसं, आणि ड्युअल ब्रशच्या जागी क्रितात मास्क्ड ब्रश आहे तो वापरा. प्रोक्रिएट ५ पासून, म्हणजे २०१९ पासून, एबीआर तिथे सेटिंगसकट बऱ्यापैकी येतात, हुबेहूब नाही. जीआयएमपी पण शिक्केच घेतो. शक्यतो क्रितासाठीच बनवलेले बंडल (ब्रशचे संच) शोधा, सेटिंग्जमधल्या मॅनेज रिसोर्स लायब्ररीजमधून इम्पोर्ट केले की सगळं नीट येतं. आणि खरं सांगू का, क्रिताबरोबर जे ब्रश येतात त्यातच डेव्हिड रेव्हॉयसारख्या चित्रकारांनी घडवलेले इतके चांगले ब्रश आहेत, मी ते न बघताच बाहेर शोधत फिरत होतो.

अजून एक, टेलिग्रामवर फिरणाऱ्या झिप घेऊ नका. ब्रशच्या फाईलला एक्सई (प्रोग्रॅम चालवणारी फाईल) लागत नाही, आत एक्सई दिसली की उघडायची नाही, सरळ डिलीट.

कोरडाब्रश | बुधवार, दुपारी ४:१०

बरोबर. आणि दुसऱ्याच्या ब्रशबरोबर त्याचा हातही येतो हे लक्षात असू द्या. त्याने आपल्या दाबावर, आपल्या टॅबलेटवर तो कर्व्ह बसवलेला असतो. माझा हात जड आहे, त्यामुळे कुठलाही पॅक घेतला की माझ्या रेघा जाड्याच यायच्या, मला वाटायचं ब्रश वाईट. शेवटी क्रिताच्या टॅबलेट सेटिंगमधे जाऊन मुख्य प्रेशर कर्व्हच थोडा खाली ओढला आणि सगळे ब्रश एका दिवसात शहाणे झाले.

रंगपेटी | बुधवार, रात्री ९:२५

सहाशे ब्रशबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून मी बोलते, कारण हा आजार मला होता आणि तो खरंच चित्र खातो. रोज रात्री काढायला बसायचं आणि तासभर ब्रश चाळत बसायचं, हा बघू तो बघू, मग झोप यायची. दोन वर्षं मी चित्रांपेक्षा ब्रशचे नमुने जास्त काढले असतील.

मग एक केलं. सगळे बंडल मॅनेजरमधून डीॲक्टिव्हेट केले, डिलीट नाही, त्यामुळे मन पण दुखलं नाही. मग एक एक बंडल चालू करायचं आणि आठवडाभर त्यातला एकच ब्रश घेऊन रोज एकच वस्तू काढायची, मी आमच्या परसातला नारळ काढायचे, सोललेला आणि न सोललेला. ज्या ब्रशने सोडणाचा चोथा पण जमला आणि करवंटीचा चकचकीतपणा पण जमला तो ठेवला. शेवटी सात राहिले. त्यांना एक टॅग दिला, आता कॅनव्हासवर राईट क्लिक केलं की गोलात तेवढेच दिसतात. गेल्या चतुर्थीपासून आठवा घेतलेला नाही.

लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आठवा. कौलं, लाद्या, बायकांच्या साड्या, टॅव्हर्नाच्या भिंती, सगळ्याचा पोत वेगळा आणि तो सगळा पेनाच्या रेघेतून आलेला. हात ओळखीचा झाला की एका निबमधे किती पोत असतात ते तिथे दिसतं.

आणि ताई, लायसन्स बघितलंत का त्या पॅकचं? स्मरणिकेत जाहिराती असतात म्हणजे पैशाचं काम झालं. फुकट पॅकच्या बरोबर एक छोटी टेक्स्ट फाईल असते ती कोणी उघडत नाही. मी पण उघडली नव्हती. पणजीच्या एका स्टॉलसाठी मी पोस्टकार्डं केली, ती बघून एका मोठ्या गिऱ्हाईकाने दोन चित्रं कॅलेंडरसाठी मागितली आणि विचारलं की यातलं सगळं तुमचं आहे असं लिहून द्याल का. मग मी ती फाईल उघडली तर त्यात पर्सनल यूज ओन्ली. ब्रशने ओढलेली रेघ माझी आहे असं म्हणता आलं असतं कदाचित, पण मी त्यातले पानांचे शिक्के जसेच्या तसे मारले होते आणि मागे टेक्सचरचा फोटो होता, ते दोन्ही तर दुसऱ्याने काढलेलं चित्र आणि दुसऱ्याने काढलेला फोटोच झाला ना. दोन्ही चित्रं मी परत घेतली. पैसे गेले त्यापेक्षा त्या माणसासमोर मान खाली गेली ते जास्त लागलं. तेव्हापासून नियम, सीसी० (क्रिएटिव्ह कॉमन्सचं सगळ्यांना मोकळं लायसन्स) असेल तर बिनघोर, सीसी बाय असेल तर नाव द्यायचं, एनसी (नॉन कमर्शियल) अक्षरं दिसली की विकायच्या कामात नाही. आणि विकत घेतलेला पॅक सुद्धा मित्राला द्यायचा नाही, चित्र आपलं असतं, पॅक नसतो.

फोंड्याचीशाई | बुधवार, रात्री १०:१५

उघडली फाईल. वॉटरकलरच्या ब्रशना चालतंय, नाव द्या म्हटलंय, ते आतल्या पानावर देईन. कागदाच्या टेक्सचरच्या पॅकला मात्र नॉन कमर्शियल आहे. म्हणजे ते काढावंच लागेल. मग आता कागद आणू कुठून?

पेडणेंची_काव | गुरुवार, सकाळी ६:५०

घरातून आण ग बाय. मी गेली तीन वर्षं एकही टेक्सचर उतरवलेलं नाही, सगळी स्वतः केली आहेत, आणि त्याची सुरुवात मोरजाईच्या देवळातून झाली.

मोरजेला मोरजाईच्या देवळात कावी काम आहे, ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी बघावंच. खाली चुन्याचा पांढरा थर, त्यावर काव (तांबडी माती) मिसळलेला तांबडा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने ओरखडून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणजे चित्र रंग लावून नाही, रंग काढून होतं. मला ते डिजिटलमधे करायचं होतं आणि मी नेटवर कावीसारखा ब्रश शोधत होते, इंग्रजीत काय काय नावं टाकून बघितली, इटलीच्या भिंतींचे पॅक मिळाले, आपलं काही मिळालं नाही. एके दिवशी देवळात बसून नीट बघितलं आणि डोक्यात शिरलं की मला ब्रश नकोच आहे, इरेझर हवा आहे. खाली पांढरा लेयर, वर तांबडा लेयर, तांबड्यावर ट्रान्स्परन्सी मास्क, आणि मास्कवर काळ्याने ओरखडायचं. चुकलं तर पांढऱ्याने परत भरता येतं, त्या कारागिरांना ते नव्हतं. रेघेची कड मात्र मऊ ठेवायची नाही, प्लास्टर किंचित तुटतं तशी हवी, त्यासाठी टिप मीच बनवली, काळ्या शाईत बुडवलेल्या खराट्याच्या हिराचं टोक कागदावर दाबलं, स्कॅन केलं, झाली टिप.

भिंतीचं टेक्सचर आमच्याच जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीचं. इथे एक महत्त्वाचं सांगते, पोत दिसतो तो उजेड तिरका पडला की. दुपारी बारा वाजता काढलेल्या फोटोत भिंत सपाट येते. सकाळी साडेसातचं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा प्रत्येक खड्ड्याला सावली असते. सध्या पाऊस आहे म्हणून ऊन नाही, हरकत नाही, रात्री खोलीत काळोख करायचा, कागद टेबलावर पसरायचा आणि टॉर्च टेबलालाच टेकवून एका बाजूने मारायचा. दाणा असा उठतो की बोट फिरवावंसं वाटतं. मोबाईल बरोब्बर वरून, पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवून, हात न लावता टायमरवर. एका बाजूला उजेड जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी येतो, त्याचं काय करायचं ते पुढे.

स्कॅनर असेल तर अजून सोपं, ३०० डीपीआयला स्कॅन केलेला कागद ३०० च्या फाईलमधे न वाढवता न घटवता ठेवला की दाणा आपोआप खऱ्या मापाचा येतो, काकांचा भागाकार पण करावा लागत नाही. तुझ्याकडे वॉटरकलरचा खरा कागद आहे का एखादा तरी?

फोंड्याचीशाई | गुरुवार, सकाळी ७:३०

आहे! कॉलेजातला ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस पॅड, शेवटची चार पानं राहिली होती, कडेला दमट डाग आलेत म्हणून वापरत नव्हते. स्कॅनर नाही, टॉर्च आहे. मग पुढे काय करू, जोड दिसणार नाही असं कसं करायचं?

पेडणेंची_काव | गुरुवार, सकाळी ८:०५

डाग नसलेला मधला चौकोन घे. फोटोत कागदाच्या शेजारी पट्टी ठेव म्हणजे माप कळेल, मग एक मिलीमीटरला १२ पिक्सेल येतील असं लहान कर, मोठं मात्र करायचं नाही, फोटो कमी पडला तर जवळून परत काढ. ग्रे कर. मग हाय पास फिल्टर लाव, रेडियस दाण्याच्या तीन-चार पट, तुझा दाणा १५ असेल तर ५० ठेव. त्याने एका बाजूचा जास्त उजेड, दुसऱ्या बाजूचा अंधार सगळा सपाट होतो आणि फक्त दाणा उरतो, आणि गंमत म्हणजे सरासरी आपसूक मधल्या ग्रेवर येते, म्हणजे काकांच्या सॉफ्ट लाईटला तयारच.

आता १०२४ चा चौकोन काप. क्रितात डब्ल्यू दाबलं की रॅप अराउंड चालू होतं, तीच फाईल चारी बाजूंना परत परत दिसते. जोड दिसतील ते क्लोन ब्रशने दाण्यावर दाणा ठेवून बुजव, घाई करू नको, अर्धा तास जाईल. मग झूम आऊट करून बघ, एखादा खड्डा जास्त गडद असेल तर तो लादीसारखा दर थोड्या अंतरावर परत दिसतो, तो पण काढ. पीएनजी सेव्ह करून पॅटर्नमधे इम्पोर्ट. तोच ब्रशच्या आत आणि तोच फिल लेयरमधे. एक कागद, सगळीकडे.

प्रेसवाला_मडगाव | गुरुवार, सकाळी ८:४०

वा. मी फक्त एवढंच घालतो, कॅनव्हासच्या कापडाचं टेक्सचर छपाईला वापरत असाल तर फार सांभाळून. विणीचे उभे आडवे धागे एकसारख्या अंतरावर असतात आणि ऑफसेटचे ठिपके पण एकसारख्या अंतरावर, दोन्ही एकावर एक आले की मधेच तिसरीच नक्षी उठते, मोआरे म्हणतात त्याला. कागदाचा दाणा वेडावाकडा असतो म्हणून तो त्रास देत नाही. आणि खरबरीत हँडमेड कागदावर छापणार असाल तर चित्रातलं टेक्सचर काढूनच टाका, तो कागद स्वतःचा दाणा स्वतः देतो. आर्ट कार्ड गुळगुळीत आहे म्हणून इथे चालेल.

डिचोलीकर | गुरुवार, रात्री ११:५५

ताईंना प्रश्न नाही, माझाच आहे. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्रश मोठा केला की रेघ मागून चालत येते. टेक्सचर घातलं की अजून हळू. उपाय आहे का?

कोरडाब्रश | शुक्रवार, सकाळी ७:१५

टिप किती पिक्सेलची आहे बघ, पॅकवाले दोन-दोन हजार पिक्सेलच्या टिप देतात आणि आपण त्या ८० च्या साईझला वापरतो. टिप ३०० वर आणून नवीन प्रीसेट सेव्ह कर, फरक दिसणार नाही. स्पेसिंग जरा वाढव. पॅटर्न पण १०२४ पुरे, ४००० चा कशाला. इन्स्टंट प्रिव्ह्यू चालू आहे ना ते बघ.

डिचोलीकर | शुक्रवार, सकाळी ७:५०

टिपच होती, २५०० ची. आता पळतोय. देव बरें करूं.

फोंड्याचीशाई | रविवार, रात्री १०:३०

मंडळी, प्रूफ आलं. आधी तेच सांगते, तोरिंगां पिवळी आहेत!

गुरुवारी रात्री लाईट गेले तेव्हाच खोलीत काळोख आयता मिळाला, टॉर्च टेबलाला टेकवला आणि त्या जुन्या पॅडचं पान ठेवलं, इतकी वर्षं त्यावर काढलं पण त्याचा दाणा असा कधी बघितलाच नव्हता, वाळूवर पाणी ओसरल्यावर राहतात तशा लाटा आहेत त्यात. सात फोटो काढले, पाचवा घेतला. हाय पास ५०. जोड बुजवायला अर्धा नाही, दोन तास गेले. शुक्रवार शनिवार मिळून नारळ, तोरिंगां, आणि जमलं म्हणून सुपारीचं शिपटं पण परत काढलं, एकाच पॅटर्नचे तीन ब्रश, एक ओला, एक कोरडा, एक पेन्सिल. नारळाच्या शेंडीला कोरडा ब्रश हलक्या हाताने ओढला तेव्हा रेघ मधे मधे तुटत गेली आणि त्या तुटण्यातूनच काथ्या दिसायला लागला, मी तो एक एक तंतू काढणार होते, काढावाच लागला नाही. बाकी पानावर सॉफ्ट लाईट फक्त २० टक्के. मंडळाचं नाव वेगळ्या लेयरवर, शुद्ध काळ्यात. प्रेसला फोन करून प्रोफाईल विचारलं, काकांनी म्हटलं तसंच झालं, ते खूश झाले आणि दहा मिनिटं समजावून सांगत होते.

प्रूफवर पट्टी ठेवून दाणा मोजला, सव्वा मिलीमीटर. बाबांनी हातात घेऊन पान तिरकं करून उजेडात बघितलं, बोट फिरवलं, आणि विचारलं की हे रंगाने काढलंस का कॉम्प्युटरवर. सेक्रेटरींनी काही न बोलता सही केली. उद्या छपाईला जातंय.

रंगपेटी | रविवार, रात्री १०:४१

बोट फिरवलं ना बाबांनी, मग झालं. स्मरणिका आली की एक माझ्यासाठी ठेव.

डिचोलीकर | रविवार, रात्री १०:५०

ताई, तो कागदाचा पॅटर्न इथे द्याल का? माझ्याकडे खरा कागदच नाही.

फोंड्याचीशाई | रविवार, रात्री ११:२०

देते की. १०२४ पिक्सेलचा पीएनजी, ३०० डीपीआयला खरं माप, स्केल १ ठेवा. बरोबर टेक्स्ट फाईल आहे, ती उघडा, त्यात सीसी० लिहिलंय, कुठल्याही कामाला वापरा, पैशाच्या पण. पेडणेंची_काव ताई, तुमच्या चुन्याच्या भिंतीचा पण द्याल तर एकाच ठिकाणी राहतील.

पेडणेंची_काव | सोमवार, सकाळी ६:३५

टाकला. हिराच्या टोकाची टिप पण टाकलीय. चिऱ्याच्या भिंतीचा बाकी आहे, तिला सध्या शेवाळ आहे आणि ऊन नाही, दिवाळीच्या सुमारास कोरडी झाली की सकाळच्या उन्हात काढते.